चढावर सोबत, उतारावर मोकळे हात

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि एकेक भाऊ वाटेत कोसळत गेले, तरी युधिष्ठिराच्या सोबतीला शेवटपर्यंत राहिला तो कुत्राच. वार्धक्य, डोंगर आणि कुत्रा यांचे नाते असे जुनेच आहे. आता ते नव्या रूपात आपल्या अंगणात आले आहे. दिवाळीत किंवा नाताळच्या सुटीत पुण्याहून, नाशिकहून, सुरतेहून मुले-नातवंडे साक्री तालुक्यातील गावी येतात, तेव्हा गाडीतून घरचा कुत्राही उतरतो. मुले उशिरा उठतात. कुत्र्याला मात्र पहाटेच बाहेर जायचे असते. साहजिकच ते काम आजी-आजोबांकडे येते आणि गावाबाहेरची टेकडी खुणावू लागते.

वाचकहो, या टेकडीला जरूर जावे. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, शिवाय 3 दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. कुत्रा सोबत असला की चालण्याची टाळाटाळ होत नाही, एकटेपणा सरतो आणि वाटेत चार माणसे थांबून बोलतात. प्रश्न जावे की नाही हा नसून, कसे जावे आणि कसे परतावे हा आहे.

निघण्यापूर्वी

हिवाळ्याची सकाळ खानदेशात सर्वांत सुखाची. पण मिट्ट अंधारात निघू नये. उजाडल्यावर निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. उघडा कातळ लवकर तापतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड ठेवतो. म्हणून पाणी दोघांसाठी घ्यावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे. हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असल्यास ती सोबत बाळगावी. बंद बूट आवश्यकच. खडकाळ माळावर फुरसे असते आणि झुडपात नाक खुपसण्याची कुत्र्याची सवय आपल्यालाही तिकडे ओढून नेते.

चढताना एक सोपी कसोटी लक्षात ठेवा: सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता बोलता शब्द तुटू लागले की थांबावे. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, अचानक घाम किंवा भोवळ जाणवली तर ‘जरा बसलो की बरे वाटेल’ असे म्हणत वेळ घालवू नये; लगेच 108 क्रमांकावर फोन करावा.

खरा धोका उतरताना

निजामपूरजवळच्या भामेर किल्ल्याची वाट असो की पिंपळनेरकडची एखादी साधी टेकडी, चढताना धाप लागते म्हणून आपण सावध असतो. उतरताना श्वास हलका होतो आणि सावधपणा सुटतो. नेमके तेव्हाच गुडघ्याच्या वाटीवर अधिक भार येतो, मांडीचे स्नायू थकलेले असतात आणि पायाखाली मुरूम घसरत असतो. अशा वेळी कुत्र्याने सशामागे एक हिसका दिला, तर तो सावरण्याचे बळ साठीनंतरच्या पायांत उरलेले नसते. पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. कुशीवर पडला तर खुब्याचे हाड मोडते. खुब्याच्या अस्थिभंगानंतर अनेक वृद्ध पूर्वीसारखे चालू शकत नाहीत, हे घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

म्हणून नियम एकच: उतारावर काठी आणि कुत्रा एकाच माणसाच्या हाती नसावेत. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी, दुसरा हात मोकळा ठेवावा आणि कुत्रा तरुणाच्या हवाली करावा. उंच पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. सपाट वाटेवर कुत्रा तुमच्या हाती असला, तरी पट्ट्याची दोरी मनगटाला गुंडाळू नये. हिसका बसला तर ती सुटली पाहिजे. कुत्रा परत सापडतो.

मेंढ्यांचा कळप दिसला तर

साक्री-निजामपूर भागात ठेलारी मेंढपाळांचे कळप भेटतात. त्यांचे कुत्रे राखणदार असतात. परका कुत्रा जवळ आला की ते धावून येणारच. कळप दुरूनच टाळावा, मेंढपाळाला हाक द्यावी आणि वाट बदलावी. कुत्री भिडली तर मध्ये हात घालू नये. अशा भांडणात माणसाला झालेला चावा बहुधा सोडवताना झालेला असतो.

चावा किंवा रक्त आलेला ओरखडा, कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पोटात 14 इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच सरला. आता लस दंडात देतात: त्वचेत दिल्यास पहिल्या दिवशी आणि त्यानंतर 3, 7 व 28 व्या दिवशी, स्नायूत दिल्यास 14 व्या दिवशी आणखी एक. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य. लस वेळेवर व पूर्ण घेतली तर मात्र हा मृत्यू टाळता येतो. ‘आपलाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये. त्याचे लसीकरण झाले असले, तरी निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

घरी परतल्यावर मधुमेहींनी तळपाय तपासावेत आणि कुत्र्याच्या कानामागे गोचीड आहे का हे नातवंडांकडून पाहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही, तर टेकडी तुम्हाला मानवली असे समजावे. सुजला, तर नदीकाठच्या सपाट रस्त्याने जावे. कुत्र्याला त्यातही तितकाच आनंद असतो.