हिरडीची सूज आणि रक्ताचा रिपोर्ट

दात ठणकू लागला की माणूस रात्री-अपरात्री औषध शोधतो. पण दात घासताना हिरडीतून रक्त आले, तर चूळ भरून कामाला लागतो. दुखत नाही ना, मग काय बिघडले? ज्याला आपण पायोरिया म्हणतो, त्या हिरड्यांच्या आजाराचा खरा धोका या न दुखण्यातच आहे.

दातांवर रोज जंतूंचा पातळ थर साचतो. तो निघाला नाही तर त्याचे टणक कीटण बनते. जंतूंशी लढताना हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खाच पडते. निरोगी हिरडीत ही खाच ३ मिलिमीटरपर्यंत असते. आजारात ती याहून खोल जाते आणि आतून सोलवटते. बळावलेल्या आजारात सगळ्या दातांभोवतीची अशी जागा एकत्र मांडली, तर ती ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा अंदाज २००१ साली संशोधकांनी मांडला. एवढी उघडी जखम पायावर असती, तर आपण गप्प बसलो असतो का?

या जखमेची वर्दी रक्तातही पोहोचते. सुजेच्या जागी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायने तयार होतात. त्यांच्या इशाऱ्यावर यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, रक्तात सोडते. अमेरिकेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत ते प्रथम ओळखले. गंभीर संसर्गात सीआरपी लिटरला १०० मिलिग्रॅमच्याही वर जाते. हिरड्यांच्या आजारात ते थोडेसेच वाढते, पण दीर्घकाळ वाढलेले राहते.

मात्र सीआरपी वाढले म्हणजे हिरडीच खराब, असे समजू नये. लठ्ठपणा, धूम्रपान, संधिवात, साधा ताप यांनीही ते वाढते. घरात कोणी शिरले, हे कुत्रे भुंकून सांगते. कोणत्या दाराने शिरले, ते आपणच पाहायचे असते.

लाळ त्या दाराच्या अधिक जवळ आहे. हिरडीच्या खाचेत झिरपणारा द्रव लाळेतच मिसळतो. त्यातील एमएमपी-८ हे एन्झाइम दाताला धरून ठेवणाऱ्या कोलॅजनच्या धाग्यांचा नाश करते. आजार चालू असताना लाळेत त्याचे प्रमाण वाढते आणि ते मोजण्याच्या चाचण्याही निघाल्या आहेत. तरीही दंतवैद्याने सळईने खाच मोजणे आणि एक्स-रे पाहणे, यांची जागा त्यांनी घेतलेली नाही. म्हणून स्वतःहून प्रयोगशाळेत पैसे घालवू नका.

मधुमेही वाचकांनी पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात. आणि हिरड्यांची सूज इन्सुलिनचा परिणाम कमी करून साखर वाढवते. म्हणून गोळ्या आणि पथ्य नीट असूनही साखर हटत नसेल, तर मी रुग्णाला तोंड उघडायला सांगतो. २०२२ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरलेले त्यात दिसले. यामुळे गोळी बंद करता येत नाही, पण हा फायदा सोडण्यासारखाही नाही. हृदयविकार आणि हिरड्यांचा आजार पुष्कळदा एकत्र आढळतात. मात्र एकामुळेच दुसरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

आता दोन गैरसमज. ‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात.’ नाही. आधाराचे हाड आजाराने आधीच झिजलेले असते. कीटण निघाल्यावर ते उघडकीस येते, इतकेच. दुसरा, ‘मिश्रीने दात घट्ट होतात.’ मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या दातांवरून मागे सरकतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते. त्यामुळे आजार झाकलेला राहतो.

तेव्हा हिरडीतून वारंवार रक्त येत असेल, तोंडाला वास येत असेल किंवा दातांत फटी पडू लागल्या असतील, तर दंतवैद्याला दाखवा. मधुमेह असेल तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा तरी दाखवा. सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने दात घासा. रक्त येते म्हणून ब्रश करणे सोडू नका. घासणे थांबले की जंतूंचा थर वाढतो आणि रक्तही वाढते.