मजकुराचे पैसे वेगळे

मामा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, चांदीचा पेला असं रीतसर सगळं झालं. मी त्यांना पाटी दिली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, सदाशिव पेठेच्या इभ्रतीला शोभेल असा मजकूर: ‘काउंटर कायमचे बंद आहे. पासबुक भरून मिळणार नाही. चहा मिळेल, तोही चारनंतर.’ मामा हसले. मामी जास्त हसली, कारण चारचा नियम तिचाच. जेवणं आटोपायच्या आत दोघातिघांनी विचारलं, “आमच्या नानांसाठी करून देशील का गं?”

धंदा असा सुरू झाला. पुणेरी पाट्यांचे फोटो मोबाइलवर फुकट फिरतात, फ्रिजवर चिकटवायच्या तयार पाट्याही दुकानात मिळतात. पण त्या कुणालाही लागू पडतात, आणि भेट म्हणून तिथेच कमी पडतात. म्हणून ऑर्डर घेताना मी आधी चौकशी करते. यांचं कोणतं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे? कशाला हात लावलेला खपत नाही? ‘तुम्हीच काहीतरी मजेशीर टाका’ म्हणणारे लोकही दहा मिनिटांत सुटतात. एका सुनेनं सांगितलं, सासरे दिवसभर घरातले दिवे मालवत फिरतात. त्यांची पाटी झाली: ‘या घरात परवानगीशिवाय उजेड पाडण्याचा हक्क फक्त सूर्याला आहे.’ ती त्यांनी स्वतः दिवाणखान्यात ठोकली.

करायला अवघड काही नाही. सहा मिलिमीटरचा एमडीएफ, पॉलिश पेपरनं घासलेल्या कडा, प्रायमर, वर एनॅमल रंग. एमडीएफ कडांतून पाणी पितो आणि फुगतो, म्हणून कडांना प्रायमरचा जादा हात. पावसात राहणारी पाटी असेल तर एमडीएफ नकोच, एसीपीचा पत्रा घ्यावा. अक्षरं मी ब्रशनं काढते. ज्यांना संगणकावरची हवीत त्यांनी फॉन्टचा परवाना बघावा. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे फॉन्ट व्यवसायासाठीही मोफत वापरता येतात.

हिशेब माझ्या नणंदेनं बसवला. लाकूड, रंग, खोका, कुरिअर लिहून झाल्यावर तिनं विचारलं, “वहिनी, मजकुराचे पैसे कुठे आहेत?” तेव्हापासून तो रकाना वेगळा. दोन मसुदे त्यात येतात, तिसऱ्याला जादा आकार. पैसे सगळे आधी, कारण नानांची पाटी नानांनी नाकारली तर दुसऱ्या कुणाला खपत नाही. याची दुसरी बाजू अशी, की न विकलेला माल घरात पडून राहत नाही. आधी करूनही ठेवता येत नाही म्हणा. दिवाळीत मान मोडते.

मजकूरच विकला जातो याचा जुना दाखला आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात गॅरी डाल नावाच्या जाहिरातवाल्यानं साधे गोटे ‘पाळीव’ म्हणून विकले. खोक्याला हवेसाठी भोकं, आत गवत, आणि दगडाचं संगोपन कसं करावं याची पुस्तिका. किंमत जेमतेम चार डॉलर. दहा लाखांवर खोकी गेली. लोक दगडाला हसले म्हणतात. मला वाटतं, त्यांनी पुस्तिका विकत घेतली. पण विनोद सगळ्यांना एकच होता, त्यामुळे काही महिन्यांत तो सगळ्यांचा ऐकून झाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकानं होते आणि मोफत असते. एजंटला पैसे देऊ नयेत. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र परराज्यात माल विकायचा तर ती आधीच लागते. सूट आहे ती हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना, तेव्हा बेंगळुरूच्या भाच्याची ऑर्डर घेण्यापूर्वी सीएला विचारावं. आणि ‘पु.लं.चं एखादं वाक्य टाका ना’ याला माझा नकार असतो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतात आणि पु.ल. गेले २००० साली.

सूड म्हणून मागितलेल्या पाट्याही मी करत नाही. ‘सासूबाईंवर सणसणीत काहीतरी’ असा फोन आला की विचारते, भिंतीवर लावणार कोण? ज्याच्यावर विनोद आहे तो खिळा ठोकणार नसेल तर ऑर्डर नको. सोसायट्यांच्या पार्किंगच्या पाट्या मात्र घेते. तिथे हसायचं कुणालाच नसतं, आणि पैसे वेळेवर येतात.