दगडाच्या आतली आकडेमोड

पडद्यावरचा दगड खोटा असेल तर डोळा तो लगेच पकडतो. कशावरून पकडला, ते मात्र चटकन सांगता येत नाही. कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या मंडळींची दोन-तीन पिढ्यांची मेहनत या 'कशावरून'चं उत्तर शोधण्यात गेली आहे. ते उत्तर त्यांना पृष्ठभागावर सापडलं नाही. वस्तूच्या आत शिरावं लागलं.

१९८२ साली डिस्नेचा 'ट्रॉन' हा चित्रपट आला. त्यातल्या गाजलेल्या लाइटसायकल्स न्यूयॉर्कजवळच्या एल्म्सफर्ड इथल्या 'मॅगी' या कंपनीने घडवल्या होत्या. गोल, नळकांडी, ठोकळे असे आकार घ्यायचे आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून वस्तू उभी करायची, ही मॅगीची पद्धत. गोष्टच संगणकाच्या पोटात घडत असल्याने ते गुळगुळीत जग चित्रपटाला शोभूनही दिसलं. तिथेच काम करणाऱ्या केन पर्लिन या तरुणाला मात्र ते यंत्रछाप रूप खटकत राहिलं. त्याला पडद्यावर डाग, शिरा, खडबडीतपणा हवा होता.

वस्तूवर चित्र चिकटवण्याची युक्ती तोवर माहीत झाली होती. युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी १९७४ मध्येच ती दाखवली होती. पण तिची जात सनमायकाची. समोरून पाहिलं तर सागवान, कडेला आलं की पितळ उघडं. खऱ्या सागाच्या फळीत वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात, कारण त्या मुळात लाकडाच्या अंगातच असतात.

पर्लिनने चित्र चिकटवणं सोडूनच दिलं. अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळेल असं सूत्र त्याने रचलं आणि एक फुलदाणी जणू त्या आकड्यांच्या ठोकळ्यातून कोरून काढली. जिथे कापाल तिथे शिरा आतून वर आलेल्या. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत त्याने ही संगमरवरी फुलदाणी दाखवली. त्याच परिषदेत डार्विन पीची यांनीही घन टेक्स्चरची, म्हणजे वस्तूच्या आरपार जाणाऱ्या पोताची, हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. नाव मात्र झालं पर्लिनचं, आणि ते त्याच्या 'नॉईज'मुळे.

हा नॉईज जरा जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक बिंदूला मनाला येईल तो आकडा दिला तर संगमरवर मिळत नाही, मुंग्या मिळतात. सिग्नल गेलेल्या जुन्या टीव्हीवर दिसायच्या त्याच. शेजारच्या दोन बिंदूंचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. निसर्गात तसं नसतं. पर्लिनने अवकाशात घनांची जाळी कल्पिली आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्याला एक बाण दिला. बाणाची दिशा चिठ्ठी टाकून काढल्यासारखी, पण एकदा ठरली की कायमची. मधल्या बिंदूचा आकडा भोवतालच्या आठ कोपऱ्यांच्या बाणांवरून काढायचा, आणि एका कोपऱ्याचा अंमल ओसरून दुसऱ्याचा सुरू होताना कुठे धक्का बसणार नाही अशी काळजी घ्यायची. हाती येतात ते मऊ, अनियमित, पण साधारण सारख्या मापाचे चढउतार.

एवढ्यावर दगड होत नाही. याच नॉईजची दुप्पट बारीक आणि निम्म्या जोराची प्रत त्यात मिसळायची, मग तिच्याहून बारीक, मग आणखी बारीक. संगमरवरासाठी आधी साइनचं सूत्र वापरून सरळ गडद-फिके पट्टे आखायचे आणि मग हे मिश्रण त्यांच्यात घालून त्यांना हलवायचं. पट्टे वाकतात, तुटतात, एकमेकांत घुसतात, आणि शिरा तयार! लाकडासाठी पट्ट्यांऐवजी एका अक्षाभोवतीची वर्तुळं घ्यायची आणि ती थोडी बिघडवायची. सगळा कारभार कोडच्या मूठभर ओळींचा.

यातली खरी हुशारी मला यादृच्छिकतेत दिसत नाही, शिस्तीत दिसते. तोच बिंदू विचारला की हे सूत्र दर वेळी तोच आकडा देतं. त्यामुळे पहिल्या फ्रेममधली शीर दोनशेव्या फ्रेमलाही जागच्या जागी असते. हे नसतं तर चित्रपटात दगड वळवळला असता. या नॉईजसाठी १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पर्लिनला तांत्रिक पुरस्कार दिला. पुढे २००२ मध्ये त्याने स्वतःच सूत्रातले काही दोष काढले. 'माइनक्राफ्ट' या गेममधले डोंगरही याच घराण्यातले.

शिरा जमल्या, तरी संगमरवराची ती आतून उजळल्यासारखी झाक राहिलीच होती. प्रकाश जिथे पडला तिथूनच परत फिरतो, असं बहुतेक सूत्रं धरून चालत. धातूला ते चालतं. संगमरवर, दूध, माणसाची कातडी यांच्यात प्रकाश आत शिरतो, कणाकणांवर आपटतो आणि थोडा पलीकडून बाहेर पडतो. एकेका किरणाचा पाठलाग करत बसलं तर हिशोब संपता संपत नाही. हेन्रिक वान येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन यांनी २००१ साली यावर तोड काढली, तीही वैद्यकीय भौतिकशास्त्रातून उचलून. शरीराच्या ऊतींमध्ये प्रकाश कसा पसरतो याचं गणित तिथे आधीच झालेलं होतं: पृष्ठभागाखाली एक कल्पित दिवा, वर त्याचा परिणाम खोडणारा दुसरा, आणि दोघांची वजाबाकी.

त्यांच्या मोजमापांच्या तक्त्यात संगमरवर आहे, बटाटा आहे, केचप आहे, साय काढलेलं आणि सायीसकट असं दोन्ही दूध आहे. साय काढलेल्या दुधाची निळसर झाक आपल्या घराघरांत ओळखीची आहे. स्निग्धांश गेला की मागे केसिन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण उरतात, आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. ही झाक त्यांच्या चित्रातही उतरली. येन्सन, मार्शनर आणि हॅनरहन यांना या कामासाठी २००४ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॉलमची कातडी रबरी वाटली नाही, त्यामागे प्रकाश कातडीत मुरवण्याची हीच विद्या होती.

कापडाची गोष्ट आणखी आतली. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पैठणी हलली की रंग फिरतो. असल्या कापडाचा फोटो चिकटवून काय उपयोग? कॉर्नेल विद्यापीठात श्वांग झाओ, वेन्झेल याकोब, मार्शनर आणि कविता बाला यांनी २०११ मध्ये कापडाचा तुकडा चक्क मायक्रो-सीटी स्कॅनरमध्ये घातला. बाला मूळच्या आपल्या पवईच्या आयआयटीच्या विद्यार्थिनी. स्कॅनमधून तंतूंची मांडणी कळली, पण सीटीला रंग दिसत नाही. म्हणून रंग आणि चकाकी त्याच कापडाच्या छायाचित्राशी ताडून बसवली. मखमल, फेल्ट, रेशीम, गॅबर्डिन यांचं रूप असं धाग्याधाग्यातून उभं राहिलं.

अचूकपणात या पद्धतीला तोड नाही. पण स्कॅन म्हणजे त्या एका तुकड्याची नोंद. दिग्दर्शक म्हणाला, 'शिरा जरा जाड हव्यात, आणि डावीकडे झुकलेल्या', तर स्कॅनर काय करणार? पर्लिनचा दगड कुठल्याच खाणीतला नाही, म्हणूनच तो सांगाल तसा वळतो. माझ्या मते चाळीस वर्षांनंतरही तो टिकून आहे, तो याच गुणामुळे.

पडताळून पाहायचं असेल तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक ठोकळा घ्या, त्याला 'नॉईज टेक्स्चर' जोडा, 'डीटेल' शून्यावर आणून हळूहळू वाढवा. मग 'सबसरफेस'ची किंमत थोडी वर न्या आणि दिवा ठोकळ्याच्या मागे ठेवा.