समजून घ्या : पाऊस सुरू होताच हवा मोजणारे यंत्र का चुकते?

वादळी पाऊस येणार का, हे सांगायचे तर वरची हवा किती गरम आणि किती दमट आहे, हे आधी कळावे लागते. त्यासाठी हवामान केंद्रांतून फुगे सोडतात. पण या नोंदी मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या वेळेच्या. दुपारी ढग भरून येतात, तेव्हा काय? ही उणीव जमिनीवर बसवलेला मायक्रोवेव्ह रेडिओमीटर भरून काढतो.

यंत्र मोजते काय?
रडारसारख्या लहरी हे यंत्र सोडत नाही. हवेतून मुळातच येणाऱ्या क्षीण लहरी ते टिपते. २२ ते ३१ गिगाहर्ट्झदरम्यान बाष्प आणि ढगातले पाणी कळते. ५१ ते ५९ गिगाहर्ट्झदरम्यान ऑक्सिजनच्या लहरींवरून तापमान काढले जाते. दर काही मिनिटांनी सुमारे १० किलोमीटर उंचीपर्यंतचा अंदाज मिळतो. आंध्र प्रदेशातील गदंकी येथे वादळांच्या पूर्वसूचनेसाठी अशा नोंदींचा अभ्यास झाला आहे.

गडबड कुठे होते?
• ओले आवरण : अँटेनावरील आवरणावर पाणी साचले की ते पाणीही लहरी सोडते. यंत्राला ते आभाळातलेच वाटते आणि आकडे फुगतात.
• कॅलिब्रेशन : यंत्र जुळवण्यासाठी सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन वापरतात. तेव्हा झालेली चूक पुढच्या कॅलिब्रेशनपर्यंत प्रत्येक नोंदीत उतरते.
• बाहेरच्या लहरी : जवळचे ट्रान्समीटर किंवा थेट समोर आलेला सूर्य नोंद बिघडवतो.
• गणित : यंत्र तापमान थेट मोजत नाही, फुग्यांच्या जुन्या नोंदींवर शिकवलेला संगणक ते काढतो. त्या नोंदी वेगळ्या हवामानाच्या असतील, तर उत्तरही चुकते.

मग उपाय काय?
आवरणावर पाणी न टिकणारा लेप देतात, पंख्याने ते वाळवतात. काही ठिकाणी सरळ वर न पाहता तिरके पाहून ओलाव्याचा परिणाम कमी करतात. फुग्यांच्या नोंदींशी आकडे ताडून पाहतात आणि पावसातल्या नोंदींवर ‘संशयास्पद’ अशी खूण करतात.

ही खूणच सर्वांत महत्त्वाची. बंद पडलेले यंत्र लगेच लक्षात येते, पण चुकीचा आकडा दिसायला बरोबरच असतो. तो तसाच पुढे गेला, तर विजांचा इशाराही चुकू शकतो. त्यामुळे या यंत्राचा खरा उपयोग पाऊस पडण्याआधीच्या एक-दोन तासांत आहे. सरी कोसळू लागल्यावर भिस्त रडारवरच ठेवावी लागते.