उसाचे बिल आणि बँकेतून परस्पर जाणारे हप्ते



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी ऑफिसात दोन प्रश्न हमखास येतात. "बिल जमा झालं का?" हा पहिला, आणि "एवढंच कसं जमा झालं?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पासबुकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर बिलाच्या कागदातच असते, पण तो कागद घडी होऊन खिशात जातो. म्हणून बिल कसे वाचावे आणि हाती आलेल्या रकमेतून वर्षाची देणी कशी भागवावीत, हे आम्ही येथे सांगत आहोत.

बिल वाचताना

प्रथम वजन पाहावे. काटा पावत्यांची बेरीज आणि बिलातील टन जुळलेच पाहिजेत. नंतर दर पाहावा. तोडणी-वाहतूक खर्च वजा जाऊन तो धरलेला असतो. शेवटी कपाती एकेक करून तपासाव्यात.

समजा, ४० टन ऊस गेला आणि हिशोबाच्या सोयीसाठी दर टनाला ३,००० रुपये धरला. रक्कम झाली १,२०,००० रुपये. त्यातून सोसायटीचे कर्ज ७०,०००, खत-बेण्याची उधारी ६,००० आणि पाणीपट्टी ४,००० गेली. कपात झाली ८०,०००. खात्यावर ४०,००० आले पाहिजेत. तेवढे आले म्हणून थांबू नये. कापलेले ७०,००० कर्जखात्यावर जमा झाले का, हे सोसायटीत जाऊन पाहावे.

तोड लांबली तरी मुदत लांबत नाही

ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ३ लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीक कर्जाला ७ टक्के व्याज असते आणि मुदतीत फेड केल्यास केंद्र शासनाची ३ टक्के सवलत मिळते. एक लाखावर वर्षाला हे ३,००० रुपये झाले, म्हणजे वरच्या हिशोबात एका टन उसाचे मोल. आपला ऊस उशिरा तुटणार असेल, तर "बिलातून कापून जाईल" म्हणून गप्प बसू नये. मुदतीची तारीख सोसायटीत विचारून भरण्याची तजवीज आधी करावी.

बाकीची देणी

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून मोफत वीज दिली आहे. पण घरचे वीजबिल, विम्याचा हप्ता, ट्रॅक्टरचा हप्ता ही देणी ठरल्या दिवशी येतातच. ती बँकेतून परस्पर जाण्याची सोय करता येते.

१. त्याच बँकेतील कर्जाचा हप्ता असेल, तर शाखेत लेखी कायम सूचना द्यावी.

२. विमा कंपनीचा किंवा दुसऱ्या बँकेचा हप्ता असेल, तर 'नॅच'चा फॉर्म भरावा. खाते क्रमांक व आयएफएससी कोड चालू पासबुकावरून उतरवावा. काही बँकांचे विलीनीकरण झाल्याने जुन्या पासबुकावरचा कोड चालतोच असे नाही. सही बँकेत नोंद आहे तशीच करावी.

३. फॉर्मवर कमाल रक्कम, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहिलेली असावी. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये.

४. वीजबिल दर महिन्याला कमी-जास्त होते. ते पाहून मगच मोबाईलवरून किंवा भारत बिल पेमेंटची सोय असलेल्या ठिकाणी भरलेले बरे.

शिल्लक राखावी

खात्यात पैसे नसतील तर हप्ता परत जातो. मग बँकही दंड लावते आणि हप्ता घेणाराही लावतो. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली कारवाई होऊ शकते. म्हणून बिल जमा होताच पुढच्या हप्त्यांची बेरीज करून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. विहिरीचे पाणी आपण एका दिवसात उपसत नाही, पाळी धरून देतो. खात्याचेही तसेच आहे.

शेवटी एक सूचना. बिल जमा करण्यासाठी ओटीपी लागत नाही. फोनवर कोणी कारखान्याचे किंवा बँकेचे नाव सांगून मागितला, तर सरळ फोन ठेवावा.

बिलातील एखादी कपात समजली नाही, तर काटा पावत्या व पासबुक घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे. हिशोब आपल्यासमोर मांडून दाखवू.