अमेरिकेचे मोठे मैदान

मंडळी, आज आपण फार दूरच्या मुलखात जाऊ. अमेरिकेच्या पोटात एक अफाट मैदान आहे. वर कॅनडापासून खाली टेक्सासपर्यंत ते पसरले आहे. पश्चिमेला त्याच्या कडेने रॉकी नावाचा उंच पर्वत उभा आहे.

या मैदानात पाऊस बेताचाच. असे का? आपला सह्याद्री आठवा. कोकणात पाऊस धो धो कोसळतो, आणि घाट चढून देशावर यावे तो ढग रिकामे! तिथे हेच काम रॉकी पर्वत करतो.

म्हणून तिथे झाडे थोडी, गवत मात्र उदंड. गवताच्या मुळ्या खोल जातात. हरळी खणणाऱ्याला हे सांगायला नको. त्या मुळ्यांनी माती घट्ट धरून ठेवली होती. गवतावर बायसनचे मोठमोठे कळप चरत. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा भाऊबंदच. लाकोटा, शायेन अशा तिथल्या मूळच्या लोकांचे पोट त्यावर चाले. गोऱ्या शिकाऱ्यांनी ते कळप मारून संपवले. त्या लोकांची जमीनही गेली.

१८६२ साली सरकारने कायदा केला. पाच वर्षे राहून जमीन कसा, १६० एकर तुमची! लोक धावले. पुढे पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला. मग काय, गवत उलथून जिकडे तिकडे गहू पेरला. पैसा आला. पण १९३० नंतर पाऊस वर्षानुवर्षे रुसला. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर धुळीने दिवसाढवळ्या काळोख केला. लाखो माणसे घरदार सोडून गेली.

त्याच वर्षी सरकारने माती राखण्याचे खाते उघडले. उताराला आडवी नांगरट, झाडांच्या रांगा, पुन्हा गवत, असे उपाय केले. माती सावरली.

आज तिथे गहू, मका भरपूर पिकतो. जमिनीखाली तेल, वायू, कोळसा आहे. वाऱ्यावर वीज होते. पण मोठे धन आहे पाणी. ओगलाला नावाचा पाण्याचा साठा आठ राज्यांच्या पोटात आहे. तो भरायला हजारो वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे पंप आले नि उपसा वाढला. कॅन्सस, टेक्सासमध्ये काही ठिकाणी पाणी शंभर फुटांहून जास्त खाली गेले आहे.

आम्ही शाळेत नकाशावर हे मैदान दाखवून म्हणत असू, "पोरांनो, हे जगाचे कोठार." कोठारालाही तळ असतो, हे सांगायचे मात्र राहून गेले. ते आज तुम्हांला सांगतो. उद्या आपल्या विहिरीवर जाल, तेव्हा जरा आत वाकून पाहा. पाच वर्षांपूर्वी पाणी कुठवर होते, ते घरात विचारा.