घाट आहेत, जत्रा आहेत, शर्यत हवी

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, फडमालकांशी बोलणी होतात, सुपारी ठरते, तारीख पक्की होते. पुढे चैत्र-वैशाखभर आमच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एका गावची यात्रा संपते तोवर शेजारच्या गावची सुरू होते. पहाटे अभिषेक, दिवसभर बैलगाडे, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा. लोकवर्गणीतून लाखांची बक्षिसे उभी राहतात आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली माणसे त्या दिवसासाठी रजा टाकून घरी येतात.

व्यावसायिक सायकलपटूविषयीचा लेख यात्रेपासून सुरू करण्याला कारण आहे. जगातल्या सर्वांत कसलेल्या रस्ता-सायकलपटूंचा देश म्हणून बेल्जियमचे नाव घेतले जाते, आणि तिथल्या खेळाडूची कारकीर्द बहुतेक वेळा गावच्या जत्रेतच सुरू होते. फ्लँडर्समधल्या खेड्यापाड्यांत जत्रेच्या दिवशी सायकल शर्यत असते. तिला ‘कर्मेस’ म्हणतात. गावाभोवतीचा पाच ते दहा किलोमीटरचा फेरा, त्याची दहा-पंधरा आवर्तने, शेवटची रेषा गावातल्या मुख्य रस्त्यावर. बक्षिसे फक्त पहिल्या तिघांना नसतात. पंधराव्या-विसाव्या क्रमांकाच्या पोरालाही खिशात घालायला काहीतरी मिळते. उन्हाळ्यात अशा शर्यती जवळजवळ रोज कुठे ना कुठे असतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आठवड्यात दोन-तीन शर्यती पळतो, पडतो, मागे राहतो, पुन्हा येतो. घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे इंचभर अंतर ठेवून कसे बसायचे, वारा आडवा आला की कुठल्या बाजूला सरकायचे, कोण दमलाय आणि कोण दमल्याचे नाटक करतोय, हे तो अशाच शर्यतींत शिकतो.

या खेळात हे शिकणे फार मोलाचे असते. पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहिले तर सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून रस्त्यावरची सायकल शर्यत एकट्याच्या दमाची वाटली तरी ती संघाची असते. संघातले सहा-सात जण दिवसभर एका म्होरक्यासाठी वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून देतात. त्यांतल्या बहुतेकांचे नाव कधीच छापून येत नाही, तरीही तेच त्यांचे पोटापाण्याचे काम असते. हे कसब घरच्या ट्रेनरवर येत नाही आणि एकट्याने पहाटे शंभर किलोमीटर मारूनही येत नाही. त्याला शर्यतच लागते, आणि वर्षाला एक पुरत नाही, चाळीस-पन्नास लागतात.

भारतीय खेळाडूची वाट इथेच अडते. १९४८, १९५२ आणि १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले. १९४८च्या लंडनला गेलेल्या संघात मुंबईचे पारशी खेळाडू होते. १९६४च्या टोकियोनंतर आजवर ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये भारत दिसलेला नाही.

नवीन जॉनची गोष्ट या संदर्भात नीट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकत असताना तो सायकलकडे वळला, भारतात परतून राष्ट्रीय विजेता झाला आणि मग स्वतःच्या हिमतीवर बेल्जियमला जाऊन तिथल्या जत्रांमधल्या शर्यती पळू लागला. २०१६ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत तो भारतातर्फे उतरला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका कॉन्टिनेन्टल संघाने त्याला करारबद्ध केले. असा करार मिळवणारा तो पहिला भारतीय. कॉन्टिनेन्टल ही व्यावसायिक शिडीची सर्वांत खालची पायरी. तिच्यावर प्रो-टीम आणि त्याहून वर वर्ल्ड टूरचे १८ संघ. खालच्या पायरीवर यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची, किमान वेतनाची अट नाही, त्यामुळे तिथे पोचूनही पोट भरेल याची खात्री नसते. एवढ्या मोठ्या देशातून त्या पायरीवर पहिला माणूस २०१७ साली चढला, आणि त्यासाठी लागणाऱ्या शर्यती पळायला त्याला दुसऱ्या खंडात जावे लागले. देशात ताकदीच्या माणसांची वाण होती, असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रात शर्यती नव्हत्याच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई-पुणे सायकल शर्यत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मध्ये खंड पडले, पण नाव टिकले. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब. बैलगाड्यांच्या शर्यतीतही सर्वांत कमी वेळेत पळणारा गाडा ‘घाटाचा राजा’च असतो, त्यामुळे आमच्या भागात तो मान कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र मुंबई-पुणे ही वर्षातून एकदाची गोष्ट. एवढ्यावर कुणाचा उदरनिर्वाह होत नाही. म्हणून चांगला स्वार रेल्वे किंवा सैन्यदलाच्या संघाकडे बघतो, राज्य सरकारच्या नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाकडे बघतो. नोकरी लागली की घर सावरते, आणि पुष्कळदा शर्यतीचा पाठलाग तिथेच मंदावतो. त्याला दोष कसा देणार?

दुसरी वाट ट्रॅकची. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले, त्यात वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, आहे. दिल्लीच्या बंदिस्त वेलोड्रोमवर राष्ट्रीय अकादमी चालते. तिथे तयार झालेल्या एसो अल्बनने २०१८ मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, रोनाल्डो सिंगने २०२२ मध्ये आशियाई ट्रॅक अजिंक्यपद स्पर्धेत. ही मोठी कामगिरी आहे. ट्रॅकवर मोजमाप सोपे, वाहतूक अडवावी लागत नाही, थोड्या खेळाडूंवर लक्ष केंद्रित करता येते. पदकांचा हिशेब मांडणाऱ्या यंत्रणेने ट्रॅकला झुकते माप दिले, हे समजण्यासारखे आहे. रस्त्याचे मात्र राहून गेले.

तिसरी वाट मराठी माणसाने स्वतः काढली, ती अतिदीर्घ पल्ल्याची. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीतच सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. पुणे ते गोवा ही ६४३ किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ आता अमेरिकेच्या त्या शर्यतीची पात्रता फेरी मानली जाते. या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण यादी पुन्हा वाचली तर तिच्यात बहुतेक डॉक्टर आणि लष्करी अधिकारी भेटतात. आधी कारकीर्द उभी राहिली, मग सायकल आली. सायकलवरच कारकीर्द उभी करणारा शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी या यादीत दिसत नाही. अशा मुलांचा शोध घ्यायचा, तर जुन्नर-आंबेगावच्या पलीकडेच उदाहरण आहे. पुणे-नाशिक रस्त्याने आळेफाटा ओलांडून चंदनापुरी घाट उतरला की संगमनेर. तिथल्या प्रणिता सोमणने रस्ता आणि माउंटन बाइक या दोन्ही प्रकारांत राष्ट्रीय पदके मिळवली.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात जे घडले त्याने चित्र काहीसे हलले. १९ ते २३ जानेवारीदरम्यान ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. यूसीआयच्या २.२ श्रेणीतली, म्हणजे अनेक टप्प्यांची आणि आंतरराष्ट्रीय गुण देणारी अशी ही देशातली पहिलीच शर्यत. एकूण ४३७ किलोमीटर. न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेने ती जिंकली. शर्यतीसाठी मार्गावरचे रस्ते नव्याने झाले, शाळांची पोरे दुतर्फा उभी राहिली. श्रेणीचा अर्थही समजून घ्यावा: २.२ शर्यतीच्या विजेत्याला ४० गुण मिळतात, टूर द फ्रान्सच्या विजेत्याला १,३००. म्हणजे ही शिडीची सुरुवात आहे, आणि सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली याचा आनंद आहे. मार्ग मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, बारामतीकडून गेला. जिल्ह्याचे उत्तर टोक, म्हणजे आमचे दोन तालुके, त्यात नव्हते.

या दोन तालुक्यांत सायकलस्वाराला काय मिळते ते पाहू. मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे आणि पुढे तळेघरवरून भीमाशंकर हा साठेक किलोमीटरचा रस्ता. घोडेगावपर्यंत पाय मोकळे होतात. डिंभे धरणापासून रस्ता वळणे घेत चढू लागतो. एका हाताला जलाशय, दुसऱ्या हाताला भातखाचरे. अंगावर येणारा एकच मोठा चढ इथे नाही. थोडे चढायचे, थोडे उतरायचे, पुन्हा चढायचे, आणि दर वेळी वेग पुन्हा उभा करायचा. शर्यतीत माणूस अशाच जागी सुटतो. दुसरा रस्ता जुन्नरहून आपटाळे, चावंडच्या पायथ्याने घाटघर आणि नाणेघाटापर्यंत, सुमारे तीस किलोमीटर. घाटघरच्या पठारावर कोकणातून वर येणारा वारा थेट छातीवर बसतो, आणि तिथे एकटा पुढे निघून गेलेला स्वार किती वेळ टिकतो हे पाहण्यासारखे असते. तिसरा ओतूर-मढवरून माळशेज. चौथा पूर्वेला बेल्ह्याच्या पुढचा आणे घाट. तिथे पाऊस कमी, ऊन जास्त, म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडा रस्ता.

अडचणीही खऱ्या आहेत. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही महामार्ग ट्रक आणि भाजीच्या पिकअपनी भरलेले असतात. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांना घाई असते. त्याहून मोठी अडचण बिबट्याची. सायकलपटूचा सराव पहाटे अंधारात सुरू होतो, आणि उसाच्या कडेचा पहाटेचा रस्ता इथे सुरक्षित नाही. रात्री-पहाटे दुचाकीस्वारावर बिबट्याने झेप घेतल्याच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र जुन्नर तालुक्यातच आहे. इथल्या मुलाला उजाडल्यावरच निघावे लागेल, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वेळेशी भांडावे लागेल. प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

डोंगराळ, गरीब मुलुखातून मोठे स्वार निघाल्याची उदाहरणे मात्र भक्कम आहेत. कोलंबियात १९५१ पासून देशाची स्वतःची टप्प्यांची शर्यत आहे. त्या मातीतला लुइस एरेरा माळीकाम करणारा मुलगा. त्याने १९८४ मध्ये टूर द फ्रान्समधला आल्प द्युएझचा घाट जिंकला आणि १९८७ मध्ये स्पेनची मोठी शर्यत. नाइरो किंताना शेतकऱ्याचा मुलगा, सायकलवर शाळेला जाणारा. पॉलिहाउसमध्ये गुलाब-जरबेरा पिकवणाऱ्या आमच्या गावांना ही माणसे परकी वाटू नयेत. एरिट्रिया तर आपल्यापेक्षा कितीतरी गरीब. तिथे देशाची शर्यत १९४६ मध्ये सुरू झाली, आणि सुमारे २,३०० मीटर उंचीवरच्या अस्मारा शहरात रविवारी रस्त्यावर शर्यत बघायला गर्दी लोटते. तिथला बिनियम गिरमाय २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या यूसीआयच्या प्रशिक्षण केंद्रात पोचला. २०२४ मध्ये त्याने टूर द फ्रान्सचे तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी मिळवली. स्वित्झर्लंडने त्याला पैलू पाडले, पण त्याची पहिली पारख घरच्या रस्त्यांवर झाली होती.

आमच्याकडे प्रेक्षक तयार आहे, हे मी जबाबदारीने म्हणतो. बैलगाड्याच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकदा उभे राहून पाहावे. पुढे घोडी, मग जुकाटाची बैलजोडी, मागे धुरेची. अकरा-बारा सेकंदांत बारी संपते आणि स्पीकरवर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ पुकारली जाते. मागच्या वर्षी त्याच घाटात तोच गाडा किती सेकंदांत पळाला होता, हे बांधावर बसलेला म्हातारा सांगतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यावर या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत यात्रा सुन्या झाल्या, पण लोकांची जाण गेली नाही. वेळेची, चढाची आणि दमाची इतकी बारीक पारख असलेला प्रेक्षक कुठल्याही खेळाला सहज मिळत नाही.

म्हणून माझे सांगणे यात्रा कमिट्यांना आहे. बैलगाडा आणि कुस्तीच्या जोडीला यात्रेत एक सायकल शर्यत ठेवा. पहाटेच्या अभिषेकानंतर, ऊन चढण्याआधी, दोन तास. महामार्ग टाळून गावाभोवती आठ-दहा किलोमीटरचा फेरा आखा, त्यात एक चढ असू द्या. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका आणि हेल्मेट यांवर तडजोड नको. सोळाखालच्यांना साधी सायकल चालेल. गिअरची सायकल लाखाच्या घरात जाते, ती अट घातली तर शेतकऱ्याचा पोरगा पहिल्याच दिवशी बाहेर पडेल. मुलींची शर्यत वेगळी आणि बक्षीस सारखेच. बक्षिसाची रक्कम पहिल्या तिघांत न संपवता पंधरा-वीस जणांत वाटा. शेवटच्या बक्षिसासाठी झगडणारा मुलगा पुढच्या गावच्या यात्रेत पुन्हा येतो. एकाच गावाने केले तर तो एक दिवसाचा कार्यक्रम होईल. दहा गावांनी केले आणि गुण पुढे मोजत नेले, तर चैत्र-वैशाखात मुलाला दहा शर्यती मिळतील. एवढ्या शर्यती आज भारतातल्या कुठल्याच ग्रामीण मुलाला घराजवळ मिळत असतील असे मला वाटत नाही. तारखांची जुळवाजुळवही अवघड नाही. पाडव्याला सगळ्या गावांचे पंच नारायणगावात येतातच, तमाशाच्या तारखेबरोबर तीही तारीख तिथेच ठरवता येईल.